प्रस्तावना : गोळ्यांची पिशवी

पिशवी कापडी होती, म्हसळ्याच्या बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानाची. छापलेलं नाव धुऊन धुऊन पुसट झालेलं. खाडीकाठच्या एका गावी, पडवीत बसून आजींनी तिची गाठ सोडली आणि म्हणाल्या, “बघ रे बाबा, सगळ्या यातच हायत.” मी पुढ्यात वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी त्यावर ओतली.

अकरा पाकिटं निघाली. त्यांतली चार कापलेली होती. नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि तो दुसरा तुकडा केव्हाच केरात गेलेला. रक्तदाबाची एक गोळी ग्रामीण रुग्णालयातून मिळालेली. रक्तदाबाचीच दुसरी माणगावच्या डॉक्टरांनी लिहिलेली. तिच्यात टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन अशी दोन औषधं एकत्र. सरकारी गोळीतही अ‍ॅम्लोडिपिनच होतं. आजी दोन्ही घेत होत्या. डॉक्टर दोन, पाकिटांचे रंग दोन, तेव्हा औषधंही दोन, असा त्यांचा सरळ हिशेब. पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, ती शेजारच्या सुनेने दिलेली. मुंबईच्या मुलाने आणलेली क्रोसिन आणि आखातातून शेजारच्या मुलाने आणलेली पॅनाडॉल. एक अंग दुखलं की घ्यायची, दुसरी ताप वाटला की. दोन्हींत पॅरासिटामॉलच. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती, पण ती कधी उघडली ते आठवत नव्हतं. अशीच आणखी काही. आणि सगळ्यांच्या तळाशी कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या, बाजारात कुणीतरी दिलेल्या. त्यांना आजी ‘ताकदीच्या’ म्हणत.

गोळ्या देणारे सहा जण होते. प्रत्येकाने आपापल्या परीने आजींना बरं वाटावं म्हणूनच दिल्या होत्या. पण सगळ्या गोळ्या एका जागी मांडून पाहिलेला माणूस एकही नव्हता. त्या अकरांपैकी दोन पाकिटं माझ्याच दुकानातून गेली होती. मी म्हसळ्यात तीस वर्षांहून अधिक काळ मेडिकल चालवलं. त्या आजी दर महिन्याला माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि मी चिठ्ठीवर असेल तेवढंच काढून द्यायचो. ‘आजी, घरी आणखी काय काय घेता?’ हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. त्या दुपारी पडवीत बसल्या बसल्या ती चूक मला लख्ख दिसली, आणि या पुस्तकाची सुरुवात तिथे झाली.

पुस्तक औषधशास्त्राचं नाही. साठीपुढच्या माणसांच्या घरी गोळ्या कशा येतात, कुठे ठेवल्या जातात, कशा चुकतात आणि त्या चुका घरातल्या घरात कशा टाळता येतात, एवढंच यात आहे. वाचणारा कोण असेल हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे: मुंबईत नोकरी करणारा मुलगा, गावी सासू-सासऱ्यांचं पाहणारी सून, आशाताई, शेजारी आणि ज्यांना अजून वाचता येतं असे आजी-आजोबा स्वतः. म्हणून अक्षरं मोठी ठेवली आहेत.

आमच्या तालुक्याबद्दल दोन शब्द आधी सांगायला हवेत, कारण त्याशिवाय ती पिशवी कशी भरते ते कळणार नाही. म्हसळा हा जुन्या जंजिरा संस्थानातला महाल. डोंगर आणि खाडी यांच्या मधली चिंचोळी भातशेती, एका पावसाळ्याचं पीक, आणि बाकीच्या पोटासाठी मुंबई. माणूस मुंबईला जाणं इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. आधी गिरणी आणि गोदी, मग आखात, काही घरांची मुलं आफ्रिकेत नि इंग्लंडात. वाड्या-मोहल्ल्यांतून फिरलं तर कितीतरी घरांत फक्त म्हातारी माणसं भेटतात. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होती. महाराष्ट्रात दर दहांत जवळपास एक. कोकणातल्या गावात बसलं की हा आकडा फार कमी वाटतो, कारण तरुण माणसं मोजायला गावात असतातच कुठे?

अशा गावात औषध येण्याच्या वाटा अनेक. ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावातले डॉक्टर, श्रीवर्धन नाहीतर माणगावचे तज्ज्ञ, मोठं दुखणं निघालं तर थेट मुंबई. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात ते तीन-तीन महिन्यांच्या गोळ्यांच्या थैल्या घेऊन. मधल्या काळात एसटीने कुणाच्या तरी हाती पाकीट येतं. मुंबईचा डॉक्टर माणगावची चिठ्ठी पाहत नाही, माणगावच्या डॉक्टरला सरकारी गोळ्या दाखवल्या जात नाहीत. ‘त्यांना राग येईल’ म्हणून लपवल्याही जातात. हे मी काउंटरवर असंख्य वेळा ऐकलं आहे. डॉक्टरांना राग आला तर येऊ द्या. पिशवी लपवू नका.

आता आजींच्या पिशवीकडे परत येतो, कारण तिच्यात जे झालं होतं ते अगदी नमुनेदार होतं. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचं चांगलं, जुनं, स्वस्त औषध. पण काहींना त्याने घोट्यांवर सूज येते, आणि डोस वाढला की सूज वाढते. आजींना तर डोस दोन बाजूंनी मिळत होता. सूज दिसली. ती गोळीमुळे आली असेल असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण दुसरी गोळी कुणाला माहीतच नव्हती. म्हणून लघवीची गोळी सुरू झाली. अ‍ॅम्लोडिपिनची सूज अंगात पाणी जास्त झाल्याने येत नाही. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतून पाणी आजूबाजूला झिरपतं, म्हणून येते. लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. हटली नाही. पण आजी ती गोळी संध्याकाळी घेत, त्यामुळे रात्री तीन-तीन वेळा उठून मागीलदारी जाणं सुरू झालं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. श्रावणातल्या एका रात्री ओल्या पायरीवर त्या पडल्या. मनगट मुरगळलं, गुडघा ठेचकाळला. गुडघ्यासाठी शेजारणीने डायक्लोफिनॅक दिली. वेदना कमी करणारी ही गोळी मीठ-पाणी अंगात धरून ठेवते आणि रक्तदाब वाढवते. रक्तदाब वाढलेला दिसला तेव्हा माणगावला गोळी आणखी जोरकस करून मिळाली. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक ही तीन एकत्र आली की म्हाताऱ्या मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी भार पडतो, तो वेगळाच.

एका गोळीचा त्रास हाच नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी, तिच्या त्रासावर तिसरी. या साखळीवर पॉला रोशाँ आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. परदेशात त्यांनी जे पाहिलं तेच म्हसळ्याच्या पडवीत पसरलेलं होतं. फरक एवढाच की तिथे साखळीचे दुवे बरेचसे कागदावर असतात. इथे निम्मे दुवे शेजारून, बाजारातून, विमानातून येतात आणि कुठल्याच कागदावर चढत नाहीत.

आजींना मी एकही गोळी बंद करायला सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुस्तक वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या तर त्याच्याइतका धोका दुसरा नाही. त्या ‘ताकदीच्या’ गोळ्यांचंच घ्या. पुडीतल्या गोळीवर नाव नसतं, पण भूक वाढणं, चेहरा गोल होणं, दुखणं जादूसारखं थांबणं ही लक्षणं पाहिली की स्टेरॉइडचा संशय घ्यावा लागतो. स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. अचानक बंद केलं तर माणूस कोसळतो. ते उतरवत उतरवत, डॉक्टरांच्या नजरेखालीच बंद करावं लागतं. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी एकाएकी सोडली तर छातीत दुखणं उलटू शकतं. म्हणून आम्ही एकच केलं. सगळ्या गोळ्यांची यादी लिहिली आणि यादी, पिशवी आणि आजी या तिघांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी यादी वरून खालपर्यंत वाचली. जास्तीचं अ‍ॅम्लोडिपिन आणि डायक्लोफिनॅक काढलं, पुडीतल्या गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या, रक्त तपासलं. पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत पायांची सूज उतरली, मग लघवीच्या गोळीचीही गरज उरली नाही. अकराच्या चार झाल्या.

म्हातारपणी औषध वेगळं का वागतं, यावर पुस्तकात एक प्रकरण आहे. इथे थोडक्यात सांगतो. वय वाढतं तसं मूत्रपिंड औषध हळू बाहेर टाकतं, यकृत हळू मोडतं. अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचा वाटा वाढतो. डायझेपामसारखी झोपेची गोळी त्या चरबीत मुरून राहते. रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाय लटपटवते. ग्लायबेनक्लामाइड नावाची शुगरची जुनी गोळी मूत्रपिंड थकलेल्या माणसाची साखर इतकी खाली नेते की घरच्यांना वाटतं अर्धांगाचा झटका आला. सर्दीवर सहज मिळणारी क्लोरफेनिरामिन आजोबांची लघवी अडवते आणि आजींना रात्रभर भ्रमात ठेवते. मार्क बियर्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ मध्ये म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी पहिल्यांदा तयार केली. ती आजही सुधारली जाते आणि ही तिन्ही औषधं तिच्यात आहेत. आपल्याकडे ती कुठल्याही मेडिकलमध्ये सहज दिसतील.

औषध वाईट नसतं. कुणाला, कधी आणि किती दिलं यावर सगळं असतं. आमच्या शेजारच्या महाडचंच उदाहरण देतो. विंचूदंशाने कोकणात मुलं आणि कष्टकरी माणसं पटापट जात. १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचवाच्या विषावर वापरून दाखवली. शंभरांत चाळीसपर्यंत जाणारे मृत्यू एखाद्या टक्क्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी ते उचललं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तीच प्राझोसिन प्रोस्टेटच्या त्रासासाठी सत्तरीच्या आजोबांना दिली जाते. पहिल्याच गोळीने उभं राहताना रक्तदाब धाडकन खाली येऊन ते न्हाणीघरात पडू शकतात. म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची, आणि उठताना आधी खाटेवर बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं. एवढं वाक्य गोळी देताना कुणीतरी बोललं पाहिजे. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांत औषध देताना रुग्णाला नीट समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच मानलं आहे. गर्दीच्या वेळी ते होत नाही हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून विचारा. काउंटरवर हात ठेवून उभे राहा आणि विचारा.

३ जून २०२० चा दिवस म्हसळा-श्रीवर्धनकडचा कुणीही विसरणार नाही. निसर्ग चक्रीवादळ दुपारी किनाऱ्यावर चढलं आणि पत्रे, कौलं, माड, पोफळी, विजेचे खांब सगळं आडवं झालं. वरून कोरोनाची बंदी. दुसऱ्या दिवशी मी दुकानाचा चिखल काढत होतो तेव्हा माणसं येऊ लागली. घरावरचं छप्पर गेलेलं, तरी ती गोळी मागायला आली होती. ‘पांढरी बारीक असते, मधे रेघ आहे.’ ‘गुलाबी, एका बाजूला फुगीर.’ ‘सकाळी अनशापोटी घ्यायची ती.’ चिठ्ठ्या भिजून लगदा झालेल्या, पाकिटं वाहून गेलेली. मुंबईच्या मुलाला विचारावं तर मोबाइलचे मनोरे बंद. मधे रेघ असलेल्या पांढऱ्या गोळ्या माझ्या कपाटात कितीतरी होत्या. ज्यांचं नाव मला खात्रीने आठवत होतं त्यांना दिली. बाकीच्यांना डॉक्टरांकडे पाठवण्यावाचून माझ्या हाती काही नव्हतं. वीज कित्येक दिवस नव्हती, त्यामुळे फ्रिजमधलं इन्सुलिन निकामी व्हायची वेळ आली.

त्या दिवसांत आम्ही पाण्याच्या मडक्याचा उपाय पुष्कळ घरांना सांगितला. तो नुसता तात्पुरता जुगाड नाही, रोजचाही आहे. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकतं. न उघडलेलं मात्र २ ते ८ अंशांत हवं. फ्रिज नसेल तर एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडकं ठेवायचं, वर ओलं फडकं, आणि इन्सुलिन प्लॅस्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं. आणि बाकीच्या गोळ्यांना फ्रिज नको. आमचा पावसाळा हाच त्यांचा खरा शत्रू. चुलीवरच्या फळीवर, न्हाणीघराच्या कोनाड्यात, खिडकीत त्या ठेवू नका. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, कोरड्या खोलीत, नातवंडांचा हात पोचणार नाही असा. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की ती दमटपणाने बिघडली समजा. आठवड्याचे खण असलेल्या डब्या मिळतात, त्या चांगल्या आहेत. पण पावसाळ्यात गोळी कागदातून सोडवून खणात टाकण्यापेक्षा पाकिटाचा तुकडा तिच्यासकट टाकावा, आणि नाव-तारखेचा तुकडा कधीच कापून फेकू नये.

वेळा पाळण्याबद्दल बोलताना आपण उपास विसरतो. शुगरची गोळी घेऊन एकादशी करणारी, श्रावणी सोमवार धरणारी किती माणसं आहेत याची मोजदाद नाही. रोज्यांच्या महिन्यात तर सकाळ-दुपार-रात्र हे गणितच बदलतं. जेवण सेहरी आणि इफ्तारला, आणि चिठ्ठीवर मात्र सकाळी एक, रात्री एक. गोळी चालू आणि पोट रिकामं असलं की घाम, थरथर, गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी. माझ्या मते कुणाला ‘उपास करू नका’ असं सुनावण्याने काही साधत नाही. माणूस उपास करतो, फक्त सांगत नाही. त्यापेक्षा उपासाच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जावं आणि विचारावं की त्या दिवशी कुठली गोळी कमी करायची, कुठली पुढे ढकलायची. बहुतेक डॉक्टर समजून घेतात. ही भेट म्हसळ्याच्या बाजारात येता येता होते, तिला वेगळा दिवस लागत नाही.

काही चुका लहान दिसतात आणि मोठ्या निघतात. थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही. उठल्यावर पाण्याने घ्यायची आणि चहाला अर्धा-पाऊण तास थांबायचं. सांधेदुखीसाठी लिहिलेली मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर रक्त तयार होणं थांबून जीव जातो. अशी गोळी घरात असेल तर वार ठरवून तो मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. हे मेडिकलमध्येच मराठीत लिहून घ्या. वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चांदणी काढा. आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक घरी कालनिर्णय लटकतं, त्याच्या चौकोनातच गोळी घेतली की खूण करायची सवय लावली तर ‘घेतली का नाही’ हा रोजचा घोळ मिटतो. विसर पडणाऱ्या माणसाकडून होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे घेतलेली गोळी पुन्हा घेणं.

आणि पैशाचा प्रश्न. श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढच्या गरीब माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. निराधारांना सरकारने महिन्याला काही द्यावं, ही योजना १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजनेच्या नावाने सुरू झाली तेव्हा मुख्यमंत्री होते आमच्याच तालुक्यातल्या आंबेतचे बॅ. अंतुले. पण १,५०० रुपयांत जेवण, वीज आणि गोळ्या बसवायच्या म्हटल्यावर काय कमी होतं हे सांगायला नको. गोळी अर्धी होते. एक दिवसाआड होते. महिना संपत आला की बंद होते, आणि डॉक्टरांना मात्र ‘घेतो’ असं सांगितलं जातं. मग डॉक्टर डोस वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच सांगितलं होतं की श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांची औषधं सरासरी निम्मीच माणसं नीट घेतात. गोळी परवडत नाही हे सांगण्यात लाज नाही. सांगितलं की मार्ग निघतो: त्याच औषधाची जेनेरिक गोळी, जनऔषधी केंद्र, सरकारी रुग्णालयातला मोफत साठा. मात्र तीन ठिकाणांहून आणलं तर पुन्हा यादीत तपासायचंच, नाहीतर आजींचं झालं तसं होतं.

गोळ्या नीट चालू ठेवता येतात, याचं कोकणातच चांगलं उदाहरण आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत आला त्यांत सिंधुदुर्ग होता. सोबत सातारा, भंडारा आणि वर्धा. तिथे त्यांनी नवं औषध शोधलं नाही. सगळ्या केंद्रांवर एकाच पद्धतीने, ठरलेल्या थोड्या औषधांनी उपचार, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, घराजवळच्या उपकेंद्रात पुन्हा भेट आणि प्रत्येकाची नोंद, एवढंच नीट केलं. मला त्यातली नोंदीची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कुणाची गोळी संपली आणि माणूस आला नाही, हे तिथे कुणाच्या तरी लक्षात येतं.

गावात हे लक्ष ठेवणारं माणूस कोण? आशाताई आहेत, उपकेंद्रातल्या परिचारिका आहेत. पण त्यांच्या अंगावर आधीच इतकी कामं आहेत की आणखी एक वही त्यांच्या हाती द्यायला मला संकोच वाटतो. म्हणून हे पुस्तक आधी घरच्यांना हाक मारतं. मुंबईत, पुण्यात, दोह्यात बसलेल्या मुला-मुलींनो, रोज रात्री फोनवर ‘गोळ्या घेतल्यास का?’ विचारता ते चांगलं आहे, पण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी व्हिडिओवर म्हणा, ‘आई, डबा दाखव.’ पाकिटात किती उरल्या ते मोजा. नवी गोळी सुरू झाली की पुढचे आठ-पंधरा दिवस रोज विचारा: चक्कर येते का, पाय सुजतात का, झोप जास्त लागते का, लघवी अडते का, जेवण जातं का. नव्या गोळीनंतर आलेला नवा त्रास हा आधी गोळीचाच धरा आणि डॉक्टरांना तसं विचारा. औषधाने त्रास झाला तर तो कळवायला १८००-१८०-३०२४ हा भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक आहे. तो फक्त डॉक्टरांसाठी नाही, कुणीही फोन करू शकतं.

ज्या आजींपासून हे सुरू झालं त्यांनी प्रस्तावनेत त्यांची गोष्ट लिहायला परवानगी दिली, नाव मात्र नको म्हणाल्या. त्या आता चार गोळ्यांवर आहेत आणि श्रावणातही मागीलदारी दिवा लावूनच जातात.

येत्या गणपतीत गावी याल तेव्हा पहिल्या दिवशी आरती आटोपली की आई-वडिलांची पिशवी वर्तमानपत्रावर ओता. सरकारी, मुंबईच्या, शेजारच्या, बाजारच्या, थेंब, मलम, चूर्ण, काढे, सगळं. प्रत्येकाचं नाव, कशासाठी, किती, केव्हा आणि कुणी सांगितलं ते लिहा. त्यासाठी पुस्तकाच्या शेवटी आखलेली चार पानं जोडली आहेत, सहज फाटतील अशी. एक आईच्या डब्यात ठेवा, एक डॉक्टरांना दाखवा, एक तुमच्या पाकिटात असू द्या आणि चौथं शेजारच्या घरी नेऊन द्या.